नवी कवेलू जातात कुठे

गोंदिया, ५ मार्च १९५९

चि. प्रेमिलास,

टिकारामचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर पोस्टमनला परत दे. सव्वादोन वर्षांनी लिहितो आहे म्हणजे माझा राग गेला असं समजू नकोस. बाबांच्या तेराव्याला भरल्या पानावरून उठून तू जबलपूरची गाडी धरलीस, ते मी विसरलेलो नाही. कामापुरतं लिहितो.

चाळीचं भाडं वाढवायचं ठरवलं आहे. तिन्ही खोल्यांना आज सहा-सहा रुपये येतात. बाबांनी लावून दिलेला हा आकडा नऊ वर्षं जागचा हललेला नाही. आणे जाऊन नवे पैसे आले, आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, तांदूळ कुठल्या कुठे पोचला, पण चैतराम मालगुजाराच्या चाळीत सहा म्हणजे सहा. मी नऊ करणार. अक्षय तृतीयेपासून.

तुला कशाला सांगतो? कारण सांगतो. हे तिघे, म्हणजे राईस मिलमधला मापारी दुलीचंद, बिडी कारखान्यात पुडे बांधणारा उमराव आणि विधवा शांतीबाई, माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवत आहेत. दुलीचंदने परवा पोस्टातून एकदम चार कार्डं आणली. ज्या माणसाला बायको-पोरं इथेच आहेत, भाऊबंद इथेच आहेत, तो चार कार्डं कोणाला लिहितो? त्यातलं एखादं जबलपूरला आलं असेल तर मला स्पष्ट कळव. नव्या कायद्याने मुलीलाही बापाच्या इस्टेटीत वाटा आहे, हे मी वाचलेलं आहे. तूही वाचलं असशीलच.

शांतीबाईने या महिन्याचं भाडं तीन दिवस आधी आणून दिलं. मी मागितलं नव्हतं. उमराव आजवर मला भाऊ म्हणायचा, आता मालक म्हणतो. विहिरीपाशी तिघे बोलत असतात आणि मी गेलो की बादलीचाच आवाज येतो.

आणि मुख्य गोष्ट कवेलूंची. बाबांच्या वेळेपासून दर उन्हाळ्यात छपरावरची कवेलू उतरवून, झाडून, फुटकी काढून पुन्हा बसवायची, ते कवेलू फेरायचं काम हेच तिघे करतात. पण बाबा गेल्यापासून ते दर वर्षी स्वतःच्या पैशाने कुंभाराकडून दोनशे-अडीचशे नवी कवेलू आणतात. यंदाचीही मागच्या भिंतीशी रचून ठेवली आहेत, मी मोजली, दोनशे तीस आहेत. आता मला सांग, दुसऱ्याच्या घरावर कोणी स्वतःचा पैसा फुकट घालतो का? आणि घातला म्हणावं, तर रस्त्यावरून पाहिलं की अख्खं छप्पर जुन्या कवेलूंनी काळंच दिसतं. नवी कवेलू जातात कुठे?

शांतीबाई पावसाळाभर रडत असते की तिच्या खोलीत पाच जागी भांडी मांडावी लागतात. एकच छप्पर, एकच आढं. चाळीतल्या माझ्या खोलीत दोन पावसाळ्यांत थेंब पडलेला नाही आणि तिच्याकडे तेवढी गळती? मला इतका भोळा समजतात.

तुझ्याकडून एकच ओळ हवी आहे. बाबांनी भाडं न वाढवण्याचा शब्द या लोकांना कधीही दिला नव्हता, एवढं लिहून सही करून पाठव. त्या शेवटच्या दिवसांत तूच त्यांच्या उशाशी होतीस, तेव्हा तुझ्या ओळीला वजन येईल.

वहिनी बरी आहे. सायकल दुरुस्तीला दिली आहे म्हणून पोस्टात पायी गेलो.

टिकाराम


गोंदिया, २९ मार्च १९५९

चि. प्रेमिला,

उत्तर नाही. ठीक. उत्तर न देणं हेही एक उत्तरच असतं, आणि मला ते वाचता येतं.

होळी झाली की तिघांना अंगणात बोलावलं आणि सांगून टाकलं, अक्षय तृतीयेपासून नऊ. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला नाही, आणि तिथेच माझा संशय पक्का झाला.

दुलीचंद म्हणाला, "देखो मालक, नौ रुपये थोडा ज्यादा होते. एकेक रुपया आमी आपल्या मनानंच वाढवून देनार होतो. सात घ्या."

मी विचारलं, आपल्या मनाने कशाला? कोणी सांगितलं?

"कोनी कायले सांगन? तुमची बी अडचन आहे ना."

माझी अडचण! यांना कोणी सांगितली माझी अडचण? मला काही अडचण नाही. सायकल दुरुस्तीला आहे एवढंच. मी म्हटलं, मला भीक घालू नका, नऊ म्हणजे नऊ. मग शांतीबाई बोलली. ती बिडीचं सूप मांडीवरून उतरवतसुद्धा नाही बोलताना.

"भाऊ, मोठ्या मालकानं जबान देल्ली होती. तुमी कवेलू फेरा, भाडं वाढनार नाई. मी नऊ कुठून आनू? हजार बिड्या वळल्या तं किती भेटते तुमाले मालूम आहे. मंग खोली खालीच करा लागन मले."

मी म्हटलं, असा शब्द दिल्याचा पुरावा काय?

तेव्हा उमराव माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमी बी तं घरीच होते ना त्या रोजी?"

त्याच्या या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे. मी घरी नव्हतो. त्या दिवशी मी धानाच्या कामाने तिरोड्याला गेलो होतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. तुला आठवत असेलच. नसेल तर आता लक्षात ठेव.

तू म्हणशील तीन रुपयांसाठी हा माणूस एवढा का पेटला. तू जबलपूरला रेल्वेच्या क्वार्टरात बसून आहेस, तुला इथलं काय कळणार? इथल्या प्रतापगडाकडचं आपलं गाव डोळ्यांपुढे आण. आपल्या पणज्याने तलाव बांधला, पाळीवर माती टाकता टाकता त्याचे केस पिकले. मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारचा झाला. ते मी सोसलं, सगळ्यांचेच गेले. पण सुखराम आठवतो? धानाच्या वरच्या पाच बांध्या कसायचा. मी मनात म्हणायचो, किती चांगला माणूस, दर वर्षी न सांगता शेताचे धुरे नीट करतो, फुटलेल्या जागी स्वतः माती टाकतो. मग कुळकायद्याचं वारं आलं आणि हाच चांगला माणूस तहसिलीत उभा राहून बोलला, "धुरे म्या घातले, बांधी मी सांभाळली, जमीन माही होय." झाली त्याची. बाबांनी ती सोडून दिली. मी मात्र तेव्हापासून शिकलो की जो दुसऱ्याच्या वस्तूची फार काळजी घेतो, त्याच्या हाताकडे बघत राहावं.

आता धुऱ्याच्या जागी कवेलू ठेव. कळलं? उद्या घरांचाही कायदा येईल. उमराव कचेरीत म्हणेल, छप्पर आम्ही राखलं, कवेलू आमच्या पैशाची, ही कुंभाराची चिठ्ठी. म्हणून भाडं वाढलं पाहिजे आणि पावतीवर वाढलेलं दिसलं पाहिजे. ज्याला परवडत नाही त्याने जावं. शांतीबाई गेली तर मला आनंद होणार आहे असं नाही. तिच्या हातची आंबील वहिनीला आवडते.

तुझी ती ओळ पाठव. अक्षय तृतीयेच्या आत.

टिकाराम


गोंदिया, १८ एप्रिल १९५९

प्रेमिला,

तुझं कार्ड मिळालं. आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, वहिनीची विचारपूस नाही. एक प्रश्न, तोही उघड्या कार्डावर, म्हणजे पोस्टमनने वाचला, आणि वाचला असेल तर निम्म्या गोंदियाने वाचला. "दादा, तिरोड्याला गेलास तेव्हा पायात काय घातलं होतंस?"

हा काय प्रश्न झाला? मी मागितलं काय, तू विचारतेस काय? जोडे घातले असतील. अडीच वर्षांपूर्वी पायात काय होतं ते कोणाला आठवतं?

वहिनीने कार्ड वाचलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काई नाई. जोडे तं तुमी तिच्या लग्नानंतर घेतलेच नाई." बायकांचा एकमेकींना पाठिंबा असतोच. कार्ड मी पंचांगात ठेवलं आहे.

तुझ्या ओळीची मला आता गरज उरलेली नाही. मी तोड काढली आहे, आणि ती तुला मुद्दाम कळवतो, म्हणजे पुढे कोणी फसवलं म्हणू नये. शब्द होता, असं क्षणभर धरून चालू. होता असं मी म्हणत नाही, धरू. तर तो शब्द काय? तुम्ही कवेलू फेरा, मी भाडं वाढवणार नाही. बरोबर? आता यंदा त्यांनी कवेलू फेरलीच नाहीत तर? शब्द त्यांच्याच बाजूने मोडला. म्हणून काल मी तिघांना ताकीद दिली की माझ्या छपरावर कोणी पाय ठेवायचा नाही. नव्या कवेलूंचा ढीग जिथे आहे तिथेच राहील. छप्पर मालक बघेल.

उमरावचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मालक, आमच्या खोल्यांचं राहू द्या. तुमच्या खोलीचं तरी करू द्या. आढ्याजवळ दोन-चार फुटले आहेत, पानी तुमच्या अंगावर येईन."

पाहिलंस? माझ्या खोलीची त्याला एवढी काळजी! आढ्याजवळची दोन-चार कवेलू फुटली आहेत हे त्याला माहीत, मला नाही. मी म्हटलं, माझ्या अंगावर पाणी येईल तर येईल, तुला काय करायचं आहे? शांतीबाई तोंडाला पदर लावून आत गेली. रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही. तिने सामान आवरायला घेतलं आहे असं वहिनी म्हणते. इथून जवळच गोरेगावला तिची बहीण आहे.

कवेलू फेरायला बाहेरची माणसं विचारली. त्यांनी मजुरी ऐकवली ती ऐकून घरी परत आलो. आता मी स्वतःच चढणार आहे. मालगुजाराचा मुलगा म्हणून जन्मात छपरावर चढलो नाही, पण त्यात काय मोठं? आणि एकदा वर गेलो की त्या दोन वर्षांच्या कोड्याचा उलगडाही होईल. नवी कवेलू विकून खातात की कुठे दडवतात ते मला बघायचंच आहे.

टिकाराम

ता. क. जोडेच होते.


गोंदिया, १३ मे १९५९

प्रिय प्रेमिला,

हे पत्र चार दिवस लिहितो आहे. तीन फाडली. तू एकटी असशील तेव्हा वाच.

अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी सकाळी मी शिडी लावली. वहिनी म्हणाली, बावन्न वर्षं झाली आहेत तुम्हाला. मी ऐकलं नाही. मागच्या बाजूने माझ्याच खोलीवर चढलो, कारण तिथून आढं जवळ आहे. बसून, सरकत, एका हाताने छपराची कामटी धरून. वरून पाहिलं तर सगळी कवेलू जुनी, काळी, शेवाळ धरलेली. मनात म्हटलं, सापडले चोर.

उमराव म्हणाला होता त्या जागी खरंच दोन-तीन फुटलेली होती. ती काढायला म्हणून मी वरचं जुनं कवेलू उचललं, आणि त्याच्या खालचं कवेलू लाल होतं. पाणी वाहून नेतं ते खालच्या थराचं. कालच भट्टीतून काढल्यासारखं लाल. शेजारचं वरचं उचललं, खाली लाल. त्याच्या शेजारचं, तेही तसंच. मी हात पोचेल तेवढी उचलत गेलो. माझ्या पूर्ण खोलीवर, वरून जुनी आणि खालून नवी. मग सरकत शांतीबाईच्या खोलीवर गेलो. तिथे वरही जुनी, खालीही जुनी, कितीतरी चिरलेली, एके ठिकाणी तर कवेलूच्या जागी पत्र्याचा डबा कापून बसवलेला. उमरावच्या खोलीवर तसंच. दुलीचंदच्या तसंच. माझ्या छपरावरची निघालेली फुटकी कवेलू त्यांनी आपल्या डोक्यावर घेतली होती.

मला खाली उतरता येईना. कसाबसा सरकत पुन्हा माझ्या खोलीवर आलो आणि एक लाल कवेलू काढून हातात घेतलं. उमराव कामावर निघाला होता, त्याने पाहिलं आणि जेवणाचा डबा खाली ठेवून वर आला.

"काऊन चढले मालक? पाय घसरन, हात द्या."

मी लाल कवेलू त्याच्यापुढे धरलं आणि माझ्या तोंडून गावचंच निघालं, "हे कायले?"

त्याने ते माझ्या हातून घेऊन परत जागेवर बसवलं. खालून शांतीबाईच म्हणाली, "सांग ना आता. सापडलं तं सापडलं."

मग त्याने सांगितलं. बाबांनी त्या दिवशी शब्द दिला, भाडं वाढणार नाही म्हणाले, ते तर होतंच. पण त्यापुढे आणखी बोलले. उमरावचेच शब्द लिहितो, कारण मला ते बदलता येत नाहीत.

"मोठे मालक म्हनले, नवी कवेलू जे काई आनान ते आंधी टिकारामच्या खोलीवर टाका. खालून टाका, वरून जुनीच राहू द्या. त्याले दिसलं तं तो राहू देनार नाई. सगळं गेलं आता त्याचं, अन् त्याले कोनाले मांगता येत नाई. लहानपनापासून मांगता आलं नाई. तुमी न मांगता करा. आमी हो म्हनलं. प्रेमिलाबाई बी होत्या ना तथी, पाय दाबून राहिल्या होत्या."

दुलीचंदची चार कार्डंही तुलाच आली होती, हे शांतीबाईने त्याच दिवशी सांगितलं. तो बाजारात माझी सायकल दुसऱ्याच्या हाती पाहून आला होता, आणि तिघांना कळेना की मला न दुखवता किती वाढवून द्यावं. विहिरीपाशी त्याचीच चर्चा चालायची. एक रुपया हा आकडा तू सांगितलास म्हणे. त्याहून जास्त दिला तर दादाला कळेल, असं लिहिलंस. बरोबर लिहिलंस. एका रुपयावरच मला कळलं आणि मी भीक म्हणालो.

सायकल दुरुस्तीला नव्हती. पौष महिन्यात विकली. वहिनीची दोन मोठी पितळी भांडीही गेली आहेत. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि चाळीत सगळ्यांना माहीत होतं.

अक्षय तृतीयेला तिघे अंगणात जमले, बाबांच्या वेळी जमायचे तसे. शांतीबाईची पेटी बांधून दाराशी ठेवलेली होती. ती बसली नाही, उभीच राहिली. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण एक शब्द आठवला नाही. शेवटी म्हटलं, "मोठ्या मालकाचा शब्द आहे, भाडं सहाच. मला वाढवायचा हक्क नाही. पण माझं भागत नाही. एकेक रुपया जास्त देता येईल का? नाही म्हणालात तरी चालेल."

प्रेमिला, हे बोलताना मला घाम फुटला होता. नऊ म्हणताना फुटला नव्हता.

दुलीचंद लगेच म्हणाला, "देतो ना मालक." उमरावने मान हलवली. शांतीबाईने मात्र विचार केला, खरंच हिशेब केला बोटांवर, आणि म्हणाली, "मले आठ आने जमते, भाऊ. पुरा रुपया नाई जमत." मी म्हटलं, आठ आणे तर आठ आणे. तिने पेटी उचलली आणि आत नेली. संध्याकाळी तिघे छपरावर चढले. मी खाली उभा राहून नवी कवेलू वर देत होतो, आणि एकच अट घातली, यंदाची सगळी शांतीबाईच्या खोलीवर जायची. उमराव कुरकुरला, मोठ्या मालकाने सांगितलेलं मोडतं म्हणाला. मी म्हटलं, मोठ्या मालकाला मी सांगेन.

तुझ्याशी मी काय वागलो ते आता नीट दिसतं. तेराव्याला तू म्हणालीस, "दादा, बाबांचा शब्द पाळ, आणि पुढचंही ऐक." पुढचं मी ऐकलं नाही. मी ओरडलो की तू भाडेकरूंना हाताशी धरून वाटा मागायला आली आहेस, या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. तू पानावरून उठलीस. त्या पुढच्यात माझंच नाव होतं, हे तू सगळ्यांसमोर सांगून मला खाली पाहायला लावू शकत होतीस. सांगितलं नाहीस. चाळीत तुझा अर्धा वाटा आहे. मी लिहून देईन, पण तेवढ्यासाठी ये असं म्हणत नाही.

ये. मी मागतो आहे. पाऊस लागायच्या आत ये, छोट्या लाईनीच्या गाडीने सकाळी उतरशील, मी स्टेशनवर पायी येईन. वहिनीने तुझ्यासाठी तांदळाचे पापड वाळत घातले आहेत, मला न विचारता.

आणि तुझ्या कार्डाचं उत्तर राहिलं. पायात काही नव्हतं. चपला बाबांच्या खोलीच्या उंबऱ्याशी काढलेल्या होत्या, नंतर तू पाणी आणायला बाहेर आलीस तेव्हा पाहिल्या असशील. मी दाराआड उभा होतो. भाडं वाढणार नाही एवढं ऐकलं आणि रागाने अनवाणीच मागच्या दाराने निघून गेलो. आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर उरलेलं बाबांच्याच तोंडून ऐकलं असतं.

मी तिरोड्याला गेलो नव्हतो.

तुझा
दादा